कृपया काहिलीत बसू नये

गावातली एखादी इमारत धड उभी असते तोवर ती कुणाच्या तरी मालकीची असते. तिच्या एका खणापायी सख्खे भाऊ कोर्टाच्या तारखेला वेगवेगळ्या एसटीने जातात. पण एकदा का आढं मोडलं, कौलं घसरली आणि भिंतीतून पिंपळ वर आला, की सगळ्या वारसांना एकाच आठवड्यात समाजकार्याची ओढ लागते. ‘आबांच्या नावानं गावाला देऊन टाकू’ असा ठराव पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये होतो आणि गाव ते दान निमूट स्वीकारतं, कारण नाही म्हणायचं तरी ग्रामसभा भरवावी लागते.

आमच्या कुंभी-कासारीच्या पट्ट्यातल्या एका गुऱ्हाळघराचं असंच झालं. सातबाऱ्यावर नावांची एवढी रांग की उतारा वाचता वाचता माणसाचा चहा निवायचा. वारसांपैकी काही पुण्याला, काही बंगळुरूला, एक कतारला. वाटणीत गुऱ्हाळ कुणालाच नको होतं, कारण जागा नदीकडेला, पुराच्या पट्ट्यात. तिथे मंगल कार्यालय काढता येत नाही, आणि ज्या जमिनीवर मंगल कार्यालय निघत नाही ती जमीन आमच्याकडे हल्ली पडीक धरतात. सबब बक्षीसपत्र झालं. अट एकच: दर्शनी भागावर आबांचं नाव, मोठ्या अक्षरांत.

चालू होतं तेव्हा ते गुऱ्हाळ दिवाळीच्या आगेमागे पेटायचं आणि होळी उलटून गेल्यावर विझायचं. बाहेर घाणा, आत चुलवाण, चुलवाणावर आठ-नऊ फूट व्यासाची लोखंडी काहील. वाळली चिपाडं चुलीत ढकलणारा एक, रसावरची मळी काढणारा दुसरा, आणि या सगळ्यांच्या वर गुळव्या. रस निवळावा म्हणून रानभेंडीचं खोड ठेचून, पाण्यात घोळून ते बुळबुळीत पाणी तो काहिलीत सोडायचा. पाक घट्ट होत आला की जरासा गार पाण्यात टाकून गोळी वळते का बघायची, गोळी टणक झाली की काहील उतरवायची. शास्त्रवाले सांगतात की ढेपेच्या गुळासाठी त्या वेळी पाक 118 अंश सेल्सिअसच्या आसपास असावा लागतो. आमच्या तात्यांना, म्हणजे तिथल्या शेवटच्या गुळव्यांना, हे अंश ठाऊक नव्हते. बुडबुडा कसा फुटतोय यावरून ते ओळखायचे. मिनिटभर हुकलं तर अख्खं आदण चिकट राहतं किंवा करपतं, हे साऱ्या गावाला माहीत असल्यामुळे त्या मिनिटाला त्यांच्याशी बोलायची कुणाची टाप नसे. मालकाचीसुद्धा.

आणि माणसं यायची. बोलावणं नसताना यायची. पोस्टमन, शाळेतले गुरुजी, एसटी चुकलेला पाव्हणा, मुलगी बघायला आलेली मंडळी, वसुलीला आलेला सोसायटीचा क्लार्क. गुऱ्हाळाच्या वाटेने जाणारा माणूस रस न पिता पुढे गेला तर तो मालकाचा अपमान समजला जाई. पोरांनी उसाचं कांडं आणायचं, ते गरम गुळात बुडवायचं आणि फुंकर मारत घराकडे पळायचं. परतताना कुणाच्या हातात काकवीची बाटली, कुणाच्या पदरात गुळाचा खडा. याचा हिशोब कुठल्याच वहीत नव्हता. मालक म्हणायचे, ‘गुऱ्हाळावर मोजायचं ते फकस्त रवं.’ 30 किलोचा एक रवा. तो कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौद्याला जायचा आणि तिथून पुढे बराचसा गुजरातेत.

मग कारखाने ऊस स्वतः तोडून न्यायला लागले. शेतकऱ्याने फक्त बांधावर उभं राहून उसाच्या खेपा मोजायच्या आणि बिल बँकेत जमा. गुऱ्हाळाला मात्र रात्रंदिवस राबणारी माणसं लागतात, आणि ती तोवर एमआयडीसीत पंख्याखाली जाऊन बसली होती. आबा गेले, चुलवाण विझलं, घाणा विकला. 2019 च्या पुरात गुऱ्हाळात छातीएवढं पाणी, 2021 ला पुन्हा. त्यानंतर तिथे फक्त कुत्री आणि परीक्षेत नापास झालेली मुलं बसत.

एवढ्यात पर्यटनाचा वारा सुटला. 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं आणि ज्याच्या परसात चिक्कूची दोन झाडं होती तो प्रत्येक जण ‘ॲग्रो टुरिझम’ची पाटी रंगवून घेऊ लागला. पन्हाळ्याला येणारी माणसं गड बघतात, तीन दरवाजात फोटो काढतात, झुणका-भाकर खातात आणि परत जातात. ती मधल्या वाटेवर आपल्याकडे का वळू नयेत, असा प्रश्न आमच्या सरपंचांना, म्हणजे अक्कांना, पडला. या अक्का कुणाच्या सांगण्यावरून सह्या करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांच्या नवऱ्यालाच ग्रामपंचायतीत यायचं तर आधी फोन करावा लागतो.

ग्रामसभा बोलावली. कायद्याने गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. नेहमीप्रमाणे तेवढी जमली नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. लोकशाहीतली ही सोय ज्याने शोधली त्याने गाव जवळून पाहिलेलं असावं. तहकूब सभेत, ओट्यावर बसलेल्या आणि पारावरून ऐकणाऱ्या मंडळींच्या साक्षीने, गुऱ्हाळघराचं ‘पर्यटक माहिती व अभ्यागत केंद्र’ करायचा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. गुऱ्हाळावरून चर्चेच्या गुऱ्हाळाचा विनोद त्या दिवशी एवढ्या जणांनी केला की ग्रामसेवकाने तो इतिवृत्तात एकदाच नोंदवून ‘वरीलप्रमाणे’ असं लिहिलं.

पहिलं काम अर्थात अभ्यास दौरा. गाडी भिलारला गेली. महाबळेश्वर-पाचगणीजवळचं हे गाव 2017 साली पुस्तकांचं गाव झालं. तिथे घरांत, देवळांत, लॉजमध्ये कपाटं मांडून पुस्तकं ठेवली आहेत. कुणीही यावं, खुर्ची ओढावी, वाचत बसावं, पैसे पडत नाहीत. आमच्या मंडळींनी हे सगळं लक्ष देऊन पाहिलं, स्ट्रॉबेरी आणि क्रीम खाल्लं आणि परतीच्या वाटेवर उपसरपंचांनी मनातली शंका बोलून दाखवली, ‘त्येंनी इमारतच बांधली न्हाई. मग नारळ फोडला कशावर?’ या प्रश्नाला गाडीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. भिलारहून आणण्यासारखं होतं ते तिथेच राहिलं आणि स्ट्रॉबेरीचे खोके तेवढे आले.

आराखडा करायला पुण्याहून एक आर्किटेक्ट मुलगी आली. वारसांपैकी कुणाची तरी भाची, फी न घेता काम करणारी. हे कळल्यावर गावाचा तिच्या ज्ञानावरचा विश्वास निम्म्यावर आला. ती गुऱ्हाळात शिरली, वर पाहिलं आणि तिथेच उभी राहिली. कित्येक हंगामांच्या धुराने वासे, आढं, भिंतीचा वरचा भाग काळाकुळकुळीत झाला होता. त्यावर पाकाच्या वाफेचा एक चिकट थर. बोट लावलं तर बोट काळं, आणि चाटलं तर, तिने खरोखर चाटून पाहिलं, किंचित गोड.

‘या काजळीला हात लावायचा नाही,’ ती म्हणाली.

गवंडी, सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक आणि भिंत धुवायला पाइप घेऊन उभा असलेला शिपाई, सगळे एकमेकांकडे बघू लागले.

‘मॅडम, पाव्हणं येणार हाईत,’ अक्का समजुतीने म्हणाल्या. ‘काळ्या भिंतीत कसं बसवायचं त्येंना? आमी फरशी घालणार हाय. निम्म्या भिंतीपातूर टाइल. पुसली की लख्ख.’

‘पण लोक हेच बघायला येतात, अक्का. हा धूर, ही काजळी...’

‘आमच्या न्हाणीघरात हाय की काजळी. सासूबाईंच्या येळंपासनं हाय. ती बघायला कोण आलं न्हाई आजवर.’

मला दोन्ही बाजू पटत होत्या, आणि ज्याला दोन्ही बाजू पटतात त्याला आमच्याकडे समितीचा सचिव करतात. पण खरं सांगायचं तर अक्कांचं पारडं जड होतं. जिने लहानपणी शेणाच्या हाताने भाकरी खाल्ली, जिच्या आईचे डोळे चुलीच्या धुराने गेले, तिला काळी भिंत सुंदर आहे हे पटवायला पुण्याहून येणं पुरेसं नाही. चकचकीत फरशी हा तिच्या दृष्टीने जिंकलेल्या लढाईचा झेंडा आहे. उलट ती मुलगी चकचकीत फरशीतच जन्मली, तिथेच रांगली, तिथेच घसरून पडली. दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या, फक्त एकमेकींच्या घराकडे निघालेल्या होत्या.

तात्या हे सगळं चिपाडाच्या जुन्या ढिगाऱ्यावर बसून ऐकत होते. त्यांना हसू आवरेना.

‘काय झालं तात्या?’ मी विचारलं.

‘न्हवं, जलमभर आमी काळं धूत बसलो की हो. काळा गूळ आसला की सौद्यात व्यापारी तोंड वाकडं करायचा. भाव पिवळ्याला. मग पिवळा व्हावा म्हणून पोरं त्यात हायड्रॉसची पावडर टाकायची. मी भांडायचो, भेंडीनं हुतंय ते बघा म्हणायचो, पर ऐकतंय कोण? आता ही लेक म्हणतीया, पुण्यात काळा गूळ शेंद्रिय म्हणून दुप्पट भावानं इकत्यात. आन वर भिंत बी काळीच पायजे!’ तात्यांनी तंबाखूचा बार भरला. ‘ईस वर्सं आदी सांगायचं हुतं. लई भेंडी वाचली आसती.’

तोडगा निघाला: तीन भिंतींना टाइल, चौथी काळी. पण उद्‌घाटनाच्या आधी रंगाऱ्याने, ज्याची मजुरी चौरस फुटावर होती, चौथी भिंतही क्रीम रंगाने रंगवून टाकली. मुलगी काहीच बोलली नाही, नुसती पायरीवर जाऊन बसली. गावाला वाईट वाटलं. पोरीचं मन मोडलं म्हणून चार जणांनी तिथल्या तिथे चिपाडं आणली, भिंतीपाशी पेटवली आणि संध्याकाळपर्यंत चौथी भिंत पुन्हा काळी करून दिली. आज पर्यटक ज्या ‘मूळ काजळी’समोर फोटो काढतात ती ही. तिचं व्हाउचरही आहे: ‘भिंत काळी करणे, मजुरी’. त्याच्या वरचं व्हाउचर ‘भिंत रंगवणे, मजुरी’ असं असल्यामुळे लेखापरीक्षकाने दोन्हींच्या समोर एकच मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.

टाइलखाली मात्र एक गोष्ट कायमची गेली. पूर ओसरला की आबा भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं तिथे गेरूने रेघ ओढत आणि बाजूला साल लिहीत. आबांच्या मागे 2019 आणि 2021 च्या रेघा तात्यांनी ओढल्या. गुऱ्हाळाची पासबुकं म्हणायचे ते त्यांना. आता नदी वाढली की गावातली जाणती माणसं येतात, टाइलकडे बघतात आणि ‘हितं कुटंतरी हुती’ म्हणत हाताने अंदाज करतात. प्रत्येकाचा हात वेगळ्या उंचीवर.

अंदाजपत्रकाची गोष्ट याहून सरस. सरकारी कामाचे दर दरसूचीतून घ्यावे लागतात. तिच्यात समाजमंदिर होतं, अंगणवाडी होती, बसथांबा होता, स्मशानशेड तर होतीच. गुऱ्हाळ नव्हतं. चुलवाणाची डागडुजी हा खर्च कुठल्या शीर्षकाखाली टाकायचा? तालुक्याहून आलेले अभियंता भला माणूस. म्हणाले, ‘चुलवाण मला माहीत आहे हो, माझे मामा गुऱ्हाळवाले. पण कॉम्प्युटरला मामा नाहीत.’ शेवटी बराच शोध घेऊन त्यांनी चुलवाण ‘जमिनीखालील विटांचे बांधकाम, गटाराचे चेंबर, 1 नग’ या सदरात बसवलं. चेंबर म्हटल्यावर त्याला झाकण आलं. त्यामुळे आमचं चुलवाण हे महाराष्ट्रातलं बहुधा एकमेव आरसीसी झाकणाचं चुलवाण आहे. झाकण उचलायला चार माणसं लागतात, आणि आत काय आहे असं विचारणाऱ्याला आमचा पोरगा सांगतो, ‘चुलवाण हाय, पर दिसत न्हाई.’

उरलेल्या इमारतीला समाजमंदिराचा दर लागला. आणि इमारतींचं माणसांपेक्षा वेगळं नसतं, ज्या दरात धराल तशी ती वागायला लागते. पुढे दोन गोल खांब आले. वर स्टीलच्या किरणांचा अर्धा सूर्य आला. जिन्याची एकच पायरी होती, तिलाही चकाकता स्टीलचा कठडा आला. घाण्याभोवती बैल फिरून फिरून घट्ट झालेलं गोल खळं होतं, तिथे पेव्हर ब्लॉक आले. पेव्हर ब्लॉकपुढे कुणाचं चालत नाही. एकविसावं शतक महाराष्ट्रातल्या खेड्यांत शिरलं ते पेव्हर ब्लॉकच्या रूपाने, आणि पहिल्या पावसात मध्येच खचलं, हेही त्याच्या स्वभावाला धरून. कौलं तेवढी वाचली. मंगलोरी कौलांवरची जुनी छाप पाहून त्या मुलीने ठेकेदाराला 1865 सालच्या बासेल मिशनच्या मंगळुरूमधल्या कारखान्यापासूनचा कौलांचा इतिहास ऐकवला, आणि तो संपेपर्यंत ठेकेदाराला पत्रे आणायला जायला वेळच मिळाला नाही. इतिहासाचा असा थेट उपयोग मी प्रथमच पाहिला.

आता काहील. गुऱ्हाळ दाखवायचं तर काहील हवी. मूळ काहील भंगारात गेली असं सगळे सांगत होते. पण शोध घेतल्यावर ती शेजारच्या वस्तीवर एका गोठ्यात म्हशींना पाणी पाजायच्या कामी रुजू झालेली आढळली. मालक म्हणाला, ‘हजार लिटरची टाकी द्या, काहील न्या.’ व्यवहार झाला. म्हशींनी नव्या टाकीचं पाणी प्यायला नकार दिला, तो वाद अजून तंटामुक्त समितीपुढे आहे. काहील ट्रॅक्टरवर घालून वाजतगाजत केंद्रापाशी आणली आणि दारात अडली. जुन्या गुऱ्हाळाला दारच नव्हतं, एक बाजू सताड उघडी होती. समाजमंदिराच्या दरात सहा फुटी शटर बसतं. काहील आठ-नऊ फुटी. आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. एकाने शटर काढायचं सुचवलं, तर त्याला वेगळी प्रशासकीय मान्यता लागते असं निघालं. शेवटी ती बाहेर पेव्हर ब्लॉकवरच ठेवली.

तिथून ती खरी लोकप्रिय झाली. येणारा प्रत्येक माणूस आधी काहिलीत बसतो. जोडपी बसतात, सहलीची अख्खी तुकडी बसते, एकदा तर लग्नाआधीचं फोटोशूट करणारा मुलगा मुलीला घेऊन आत असा काही आडवा झाला की तात्यांनी ओरडून विचारलं, ‘भेंडी टाकू काय रं?’ मग पाटी लागली: ‘कृपया काहिलीत बसू नये. हुकुमावरून.’ पाटीचा परिणाम एवढाच की आता लोक पाटी फोटोत येईल अशा बेताने बसतात. पावसाळ्यात काहिलीत पाणी साचलं, डासांच्या अळ्या झाल्या, आरोग्यसेवकाने नोटीस दिली, तेव्हा वेल्डरकडून तिला बुडाशी भोकं पाडून घेतली. म्हणजे आता तिच्यात गूळही होणार नाही, अळीही होणार नाही.

पुतळ्याबद्दल सांगायलाच हवं. कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं ग्रामजीवनाचं संग्रहालय आहे. सिमेंटचा शेतकरी, सिमेंटचे बैल, सिमेंटचा न्हावी, सगळे इतके हुबेहूब की सहलीची पोरं न्हाव्यापुढे नंबर लावतात. आपल्याकडेही निदान एक गुळव्या हवा असं ठरलं. कणेरीच्या तोडीचा कारागीर परवडणारा नव्हता, म्हणून गावातल्याच गणपती करणाऱ्याला काम दिलं. त्याने तात्यांना समोर बसवून मनापासून काम केलं. पण हाताला वळण गणपतीचं. डोळे मोठे, शांत, किंचित मिटलेले. कानही जरा सढळ. डाव्या हातात मळी काढायचा झारा बरोबर आला. उजवा हात मात्र, तो तरी काय करणार, आशीर्वादासाठी उचलला गेला. पहिल्याच आठवड्यात पुतळ्यापुढे कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं. मग फुलं आली. मग नाणी. ग्रामसेवकाने लगोलग दानपेटी ठेवली आणि आज केंद्राचं एकमेव नियमित उत्पन्न ते आहे. तात्या येता-जाता स्वतःच्या मूर्तीकडे बघतात आणि म्हणतात, ‘मी एवढा चांगला नव्हतो वो.’

फलकांचा मजकूर सचिवाकडे, म्हणजे माझ्याकडे होता. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला घरची बाजारपेठ मिळाली. 2014 साली या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघतात. हे सगळं मी नीट लिहून दिलं. छापून आलं तेव्हा निम्म्या फलकावर शुभेच्छुकांची छायाचित्रं होती आणि शाहू महाराज एका माजी सभापतींच्या खांद्याआड गेले होते. क्यूआर कोडही होता. तो स्कॅन केला की घरपट्टी भरायचं पान उघडतं. अजून कुठल्या पर्यटकाने ती भरलेली नाही, पण अक्कांनी आशा सोडलेली नाही.

ग्रामस्थांना जुन्या वस्तू द्यायचं आवाहन केलं होतं. गुऱ्हाळाचं एकही हत्यार आलं नाही, जाती मात्र ढिगाने आली. घरोघरी माळ्यावर पडलेलं दगडी जातं उतरवायला सुनांना असं निमित्त कधी मिळालं नव्हतं. पितळेचं भांडं एकच आलं आणि तेही दुसऱ्या दिवशी सासूबाई येऊन घेऊन गेल्या. त्यामुळे केंद्रात शिरलेल्या माणसाचा असा समज होतो की या भागात पूर्वी गूळ दळून करत असत.

उद्‌घाटन थाटात झालं. कोनशिलेवर मान्यवरांची नावं मावेनात, म्हणून दुसरी शिला जोडली. त्या गडबडीत आबांचं नाव राहून गेलं होतं, ते मग शौचालयाच्या बाजूच्या भिंतीवर, ठरल्याप्रमाणे मोठ्या अक्षरांत घातलं. कतारच्या वारसाने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि अक्षरांच्या आकाराबद्दल समाधान व्यक्त केलं. शेजारी काय आहे ते कॅमेऱ्यात येत नव्हतं.

केंद्र चालतं कसं? येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘टॉयलेट कुठे आहे?’ ते आहे, उत्तम आहे, टाइलचं आहे, आणि त्याला कुलूप आहे. किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई पोर्ल्याला गेलेला असतो. दुसरा प्रश्न, ‘रस मिळेल का?’ मिळतो की. बचत गटाच्या बायका यंत्रावर काढून देतात, 20 रुपये पेला, बर्फाचे वेगळे. चांगला असतो. परवा गावातलेच एक म्हातारे काठी टेकत आले, सवयीने तिथे टेकले, पेला रिकामा केला, तोंड पुसलं आणि उठून चालू लागले. पैसे मागायला काउंटरवरची सून धावली, पण कुणाला मागतोय हे लक्षात आल्यावर मध्येच थांबली आणि गटाच्या वहीत ‘नमुना, 1 पेला’ असं लिहून आली.

तिसरा प्रश्न खरा अडचणीचा: ‘गूळ बनवताना बघायला मिळेल का?’ यावर केंद्राचा व्यवस्थापक, बी.ए. झालेला हुशार पोरगा, प्रथम फलक दाखवायचा, मग झाकण दाखवायचा, मग भोकं पडलेली काहील. पर्यटकांचे चेहरे उतरायचे. एके दिवशी तो कंटाळला आणि सरळ म्हणाला, ‘असं करा साहेब, ह्याच रस्त्यानं फुडं जावा. डाव्या हाताला धूर दिसंल, तितं थांबा. त्येंचं गुऱ्हाळ चालू हाय. काय बोलू नका, नुसतं जाऊन हुबं ऱ्हावा. त्ये आपसूक रस देत्यात.’

आता तो सगळ्यांना हेच सांगतो. माहिती केंद्राने माहिती द्यावी आणि ती बरोबर निघावी, हे मला तरी समाधानकारक वाटतं. तात्याही हंगामात तिकडेच असतात. काहिलीशेजारी पोत्यावर बसून नव्या गुळव्याला शिव्या देतात आणि पर्यटकांच्या पोरांना कांडं गुळात कसं बुडवायचं ते शिकवतात. कोल्हापूरच्या हॉटेलांतून आता गाड्या सुटतात त्या थेट त्या धुराकडे. आमच्याकडे थांबतात फक्त टॉयलेटसाठी, आणि कुलूप बघून पुढे जातात.

परवा त्या पुढच्या गुऱ्हाळाचा मालक अक्कांना भेटायला पंचायतीत आला होता. सोबत पेढ्यांचा पुडा. म्हणाला, माणसं फार यायला लागलीत, रविवारी तर काहिलीपाशी उभं राहायला जागा नसते, धुरानं त्यांचे डोळे झोंबतात, बायकांचे कपडे काळे होतात. तेव्हा चुलवाण बंद करून तिथे एक छानसं अभ्यागत केंद्र काढावं असा त्याचा विचार आहे. फरशी घालीन म्हणाला, पेव्हर ब्लॉक घालीन, सहा फुटी शटर लावीन. तुमचं अंदाजपत्रक कुणी केलं होतं, त्यांचा नंबर तेवढा द्या.

अक्कांनी पेढा तोंडात टाकला आणि नंबर दिला.